इंटर्न पीएचसीवर येतात तेव्हा त्यांना नेमकं काय शिकवायचं?

करंजमोहोर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आदिवासी भागातल्या एका पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) वैद्यकीय अधिकारी (एमओ) आहे. मेडिकल कॉलेजातून इंटर्नच्या, म्हणजे एमबीबीएसची परीक्षा देऊन वर्षभर प्रत्यक्ष काम शिकणाऱ्या मुलांच्या, तुकड्या आमच्याकडे येतात आणि जातात. नियमाप्रमाणे इंटर्नशिपच्या वर्षातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे (सामाजिक वैद्यकाचे) असतात आणि त्यातला काही काळ मुलं केंद्रावर काढतात. त्या काळात बहुतेक ठिकाणी काय चालतं ते इथल्या डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे. मुलं ओपीडीत खुर्चीमागे उभी राहतात, बीपी मोजतात, रजिस्टर भरतात आणि दुपारनंतर खोलीत पीजीच्या (पदव्युत्तर) प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतात. शिकवायला कुणी जागेवर नसतं, कारण एमओ मीटिंगला, नाहीतर शिबिराला, नाहीतर पोस्टमॉर्टेमला गेलेला असतो.

आणि हीच मुलं थोड्याच महिन्यांत बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, येतात. रात्री दोन वाजता दारात जीप थांबते तेव्हा केंद्रात एक डॉक्टर आणि एक सिस्टर, एवढीच माणसं असतात. कॉलेजच्या रुग्णालयात निदान पक्कं होईपर्यंत तपासण्या करता येतात. इथे निदान अर्धवट असतानाच ठरवावं लागतं. याला ठेवू की पाठवू? पाठवायचं तर आधी काय देऊ? गाडी येईपर्यंत कशावर नजर ठेवू? माझ्या मते गावासाठी डॉक्टर घडवायचा म्हणजे मुख्यतः हे ठरवायला शिकवायचं. ते वर्गात बसून येत नाही. रुग्ण समोर आणि शिकवणारं माणूस शेजारी असेल तरच येतं.

पुढच्या तुकडीसाठी मला नीट आराखडा करायचा आहे. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, सीएचओ (उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी) सगळ्यांनी लिहा. रुग्ण म्हणून किंवा नातेवाईक म्हणून आलेले अनुभवही हवे आहेत.

---

चांदणवेल

वाचतेय. विषय महत्त्वाचा आहे, लांबू दे.

---

निशाचर

मॅडम, माझी इंटर्नशिप नुकतीच संपली आहे, त्यामुळे मुलांच्या बाजूने लिहितो. पुस्तक घेऊन बसतात हे खरं. पण नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर सगळं पुढचं ठरतं आणि इंटर्नशिपमध्ये पीएचसीत कसं काम केलं याला त्यात शून्य किंमत आहे. लॉगबुकवर सही झाली की विषय संपला.

दुसरं म्हणजे राहायची सोय. आमच्या केंद्रावर मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. सांगितलं तर "थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे" असं उत्तर मिळालं. मग त्या रोज संध्याकाळच्या एसटीने शहरात परत जायच्या. रात्रीच्या डिलिव्हरी त्यांनी बघायच्या कधी?

चांगलंही सांगतो. तिथे एक एमओ सर होते. मी रुग्ण तपासून उपचार सांगितले की ते एकच प्रश्न विचारायचे: "हा माणूस उद्या सकाळी परत आला, तर कशामुळे आला असेल?" तापाचा साधा रुग्ण असला तरी डोकं चालवावंच लागायचं. डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावरचे दिवस जास्त जपायचे असतात, हे पाठ होतं. पण ते घरच्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं, हे मी त्या प्रश्नामुळे शिकलो.

---

रानवाटा

तुमच्या आराखड्यात पहिल्या आठवड्यातच सर्पदंश घ्या. कोकणात आणि नंतर विदर्भात काम केलं, त्यातून सांगतो.

सगळ्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं येतात. एएसव्हीचा (सर्पविषावरच्या औषधाचा) डोसही येतो. अडतं कुठे तर वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीत. ती इंटर्नकडून हाताने करवून घ्या. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. कोरडी आणि स्वच्छ हवी, पण साबणाच्या पावडरने धुतलेली नको. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण उगाच घाबरतो. दोन मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. नवीन मुलगा पाच मिनिटांनी नळी हलवून बघतोच. तिथे त्याचा हात धरावा लागतो. वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष समजून एएसव्ही सुरू.

मण्यारीला ही चाचणी उपयोगाची नाही. माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, अंगावर दंशाची खूण सापडत नाही. पोटदुखी म्हणून त्याला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर संपलं. पापण्या बघायच्या. "वर बघा, बघत राहा" म्हणायचं आणि पापणी हळूहळू खाली येते का ते पाहायचं. गिळता येतंय का, एका दमात किती आकडे मोजतो, हे दर थोड्या वेळाने बघायचं. गाडीत बसवताना अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत द्यायची, आणि ती दाबता येणारं माणूसही.

एएसव्हीला रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने बरीच नवीन मुलं एकही व्हायल (बाटली) न देता रेफर करतात, म्हणजे पुढे पाठवतात. रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवायचं आणि सुरू करायचं. हे धाडस पुस्तकातून येत नाही. कुणीतरी एकदा सोबत उभं राहिलं की पुढच्या वेळी येतं.

---

टाचणी

रानवाटा, जबरदस्त. विंचूदंशाचंही लिहा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या पीएचसीतच होते. विंचवाच्या विषाने हृदयावर होणारा परिणाम त्यांनी तिथे बारकाईने पाहिला, पुढे प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पीएचसी म्हणजे शिक्षा, असं समजणाऱ्या मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

---

सडेतोड

सगळं वाचून छान वाटलं, पण मला पटत नाही. प्रश्न प्रशिक्षणाचा नाहीच. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा नाहीतर १० लाख रुपये, असा बॉण्ड आहे. ज्याला परवडतं तो पैसे भरून मोकळा होतो. जे येतात ते वर्ष संपायची वाट बघतात. जागा रिकाम्या, क्वार्टर गळके, औषधांचा तुटवडा. अशा ठिकाणी उत्तम शिकलेला डॉक्टर तरी काय करणार? आधी माणूस टिकवा, मग शिकवा.

---

गोदाकाठ

सडेतोड, मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो. टिकणं आणि शिकणं या तुम्ही म्हणता तशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याबद्दल शिफारशी केल्या. त्यात ग्रामीण भागातल्या मुलांना प्रवेश देणं आणि शिक्षणाचा काही काळ गावातच घालवणं या दोन्ही गोष्टी अगदी वर आहेत.

जपानमध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ साली याच कामासाठी सुरू झालं. प्रत्येक प्रांतातून मुलं निवडतात, शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून देतात, आणि पदवीनंतर आपल्याच प्रांतात ९ वर्षं काम केलं की कर्ज माफ. बॉण्ड त्यांच्याकडेही आहे, आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. फरक असा की मुलगा प्रवेश घेतो तेव्हाच त्याला आपण कशासाठी शिकतोय हे माहीत असतं आणि पूर्ण अभ्यासक्रम त्या दिशेने जातो. आपल्याकडे बॉण्ड शेवटी येऊन आदळतो.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना पूर्ण एक वर्ष छोट्या गावांतल्या डॉक्टरांकडे ठेवलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्यांच्या तुलनेत ही मुलं परीक्षेत मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. कारण साधं आहे. तोच रुग्ण त्यांना परत परत भेटत होता. आपली मुलं रुग्णाला एकदा बघतात आणि वॉर्ड बदलतो.

आणि हा विचार आपल्याकडे नवा नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं ३ महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं होतं. १९७७ मध्ये प्रत्येक मेडिकल कॉलेजने ३ पीएचसींची जबाबदारी घ्यायची अशी योजना आली. कागद उत्तम होते. कॉलेजचे प्राध्यापक गावात गेले नाहीत, म्हणून योजना विरली. सेवाग्रामचं उदाहरण मात्र टिकलं आहे: १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या त्या कॉलेजात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि मुलं तिथे जाऊन राहतात. आता कुटुंब दत्तक योजना (विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची) सगळ्याच कॉलेजांना लागू आहे, पण बसने जाऊन फॉर्म भरून परत येण्याने ते साधणार नाही.

---

सडेतोड

@गोदाकाठ, प्रवेशाच्या वेळीच ठरवण्याचा मुद्दा मान्य. पण तो धागाकर्तीच्या हातात नाही. तिच्याकडे आलेल्या मुलांचं काय?

---

शेवंता_सिस्टर

मॅडम, मी एएनएम (आरोग्यसेविका) म्हणून लागले आणि एलएचव्ही (त्यांच्यावरची पर्यवेक्षिका) म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखालून खूप इंटर्न गेले, म्हणून हक्काने लिहिते.

मुलांना ओपीडीतून उठवा आणि उपकेंद्रावर पाठवा. डिलिव्हरी झाली की मुलं बाळाकडे बघतात, मी आईकडे बघायला लावायचे. ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन लगेच द्यायचं, वार पडली की हात पोटावर ठेवायचा आणि गर्भाशय कडक लागतंय का बघायचं. मऊ लागलं तर चोळायचं. खाली अंथरलेल्या कपड्यात किती रक्त मुरलंय ते नजरेने कळत नाही, म्हणून कापड उचलून बघायचं, नाडी बघायची. बाई "मला तहान लागली, डोळ्यापुढे अंधार येतोय" म्हणाली की समजायचं. एक मुलगी अगदी हुशार होती, सगळी कारणं घडाघडा सांगायची, पण पोटावर हात ठेवायला लाजायची. तिचा हात मी माझ्या हाताखाली धरून ठेवला, अर्धा तास. नंतर ती स्वतःहून प्रत्येक बाळंतिणीजवळ थांबायला लागली.

मग आशाताईबरोबर घरी पाठवा. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. झोळीत बाळाचं वजन करते, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. डॉक्टर मुलं पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात! बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून पूर्ण मिनिटच मोजावा लागतो. साठ किंवा त्याच्या वर गेला की परत मोजायचा. हे आशाकडून शिकण्यात डॉक्टरला कमीपणा नाही.

---

चांदणवेल

सिस्टर, नमस्कार घ्या. घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सिद्ध केली. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं होतं, आणि ते काम गावातल्या बायकांनीच केलं होतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. आपल्या राज्यात शिकण्यासारख्या जागा भरपूर आहेत.

---

हिरडा_बेहडा

मी बीएएमएस, उपकेंद्रावर सीएचओ आहे. सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो. इंटर्न येतात, जातात. आम्ही तिथेच असतो. बीपी-शुगरचे रुग्ण महिन्याच्या महिन्याला आमच्याकडेच येतात. पण इंटर्नला एमओ काही समजावून सांगतात तेव्हा आम्हाला कुणी बोलावत नाही. धाग्याचं नाव "इंटर्न" आहे, तरी म्हणतो: शिकवायचंच आहे तर एकत्र शिकवा.

---

कडूनिंब

विषय भरकटतोय. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर डॉक्टरचं काम द्यायला माझा विरोध आहे. उद्या चूक झाली तर जबाबदार कोण?

---

गोदाकाठ

कडूनिंब, काळजी रास्त आहे, पण पुरावाही बघा. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला होता. तो पुढे बंद पडला, पण त्यातून निघालेले लोक दुर्गम केंद्रांवर काम करत राहिले. २०१० मध्ये त्यांची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी केली गेली आणि प्राथमिक उपचारांत ते जवळपास तेवढेच सक्षम आढळले. कामाच्या मर्यादा स्पष्ट आणि वर विचारायला माणूस असेल तर धोका कमी होतो. तो विचारायचा माणूस नसणं हा खरा धोका आहे, आणि तो एमबीबीएसलाही तेवढाच आहे.

---

कडूनिंब

शेवटचं वाक्य मान्य. मर्यादा लेखी हव्यात, एवढं माझं म्हणणं कायम.

---

करंजमोहोर (धागाकर्ती)

@हिरडा_बेहडा, विषय अजिबात भरकटला नाही. पुढच्या तुकडीपासून सीएचओ सोबत बसतील. @कडूनिंब, काय उपकेंद्रावर करायचं आणि काय लगेच कळवायचं याची लेखी यादी भिंतीवर लावणार आहे.

---

वळणाचा_घाट

आमच्याकडच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हर मामांना मानद प्राध्यापक करा. :) पण गंभीरपणे सांगतो, रेफर करणं हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवा आणि तो मामांना घेऊनच शिकवा. कुठला नाला पावसात कधी चढतो, आरएचला (ग्रामीण रुग्णालयात) रात्री भूलतज्ज्ञ असतात की थेट सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) गाठावं, कुठल्या वळणापुढे फोन लागत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

चिठ्ठीचं फार महत्त्व आहे. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅगसल्फचा (झटके थांबवणाऱ्या औषधाचा) पहिला डोस दिला, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, तर किती दिलं आणि किती वाजता दिलं हे चिठ्ठीवर हवंच. नाहीतर पुढच्या रुग्णालयात पुन्हा देतात किंवा देतच नाहीत. "रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. आणि निघण्याआधी फोन. इंटर्नने स्वतः एकदा त्या गाडीत बसून जावं, म्हणजे चिठ्ठी वाचणाऱ्याला काय लागतं ते कळेल.

---

सागवान

मेळघाटात शिक्षक आहे, रुग्णांच्या बाजूने लिहितो. आमच्याकडची कोरकू बाई नवीन डॉक्टरसमोर गप्प बसते. डॉक्टरला वाटतं तिला सांगायचं नाही. ती मराठी समजते, पण दुखणं सांगण्याइतकी मराठी तिच्या तोंडात नसते. एका डॉक्टर ताईंनी आमच्या शाळेतल्या मुलांकडून कोरकूतली नेहमीची वाक्यं शिकून घेतली होती: कुठे दुखतं, कधीपासून, जेवण जातं का. उच्चार चुकायचे, बायका हसायच्या आणि मग बोलायला लागायच्या. मुलांना पहिल्या दिवशीच हे शिकवा. आणि कामासाठी स्थलांतर कधी होतं ते सांगा. चार महिने बाहेर जाणाऱ्या माणसाला महिन्याच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" म्हणून काय उपयोग?

---

निशाचर

सागवान सर, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. टीबीचे रुग्ण "औषध सोडतात" असं आम्ही रजिस्टरमध्ये लिहायचो. ते ऊसतोडीला गेलेले असायचे.

---

तारायंत्र

फोनवरून शिकवण्याचा मुद्दा राहिला. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर तज्ज्ञाचा सल्ला मिळतो, पण तो त्या एका रुग्णापुरता. डॉक्टर शिकला का, हे त्यात कुणी बघत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हेपटायटिस सीचे रुग्ण शेकडो मैलांवरून तज्ज्ञाकडे यायचे. त्यांनी रुग्ण बोलावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, सगळ्यांनी चर्चा करायची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गावातल्या डॉक्टरांच्या उपचारांचं यश विद्यापीठाच्या क्लिनिकइतकंच होतं.

आपल्याकडे पीजीच्या मुलांना आता ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. त्यातला मेडिसिनचा एक आणि स्त्रीरोगचा एक रेसिडेंट (पीजी करणारा डॉक्टर) ठरलेल्या दिवशी तासभर तालुक्यातल्या पीएचसींशी बोलला, तर वेगळा खर्च काहीच नाही.

---

करंजमोहोर (धागाकर्ती)

सगळं वाचून आराखडा बराच बदलला आहे. आता असं ठरवते आहे.

पहिले दोन दिवस ओपीडी नाहीच. मामांबरोबर रस्ता, आशाताईंबरोबर घरं, आणि शाळेत जाऊन बोलीभाषेतली वाक्यं. त्यानंतर प्रत्येक इंटर्नकडे दोन-तीन कुटुंबं नाहीत, तर दोन-तीन रुग्ण द्यायचे. एक गरोदर बाई, एक बीपी किंवा शुगरचा, एक नवजात बाळ. मुक्काम असेपर्यंत त्यांना परत परत भेटायचं. गोदाकाठ सरांचं "तोच रुग्ण परत" हे मला फार पटलं. ओपीडीत निशाचर यांच्या सरांचा प्रश्न मी प्रत्येक केसला विचारणार. मी मीटिंगला गेले तर सिस्टर शिकवतील, आणि तसं लेखी ठरवलेलं असेल. सर्पदंश आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांचा सराव रात्री घ्यायचा, कारण रात्री टॉर्च कुठे आहे, अ‍ॅड्रेनॅलिन कुठल्या खणात आहे इथपासून सुरुवात असते.

रेसिडेंटबरोबरच्या तासासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोलणार आहे. @सडेतोड, गळक्या छताचं उत्तर माझ्याकडे नाही, पण मुलींच्या खोलीला आतून कडी आणि बाहेर दिवा ही दोन कामं रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून तुकडी येण्याआधी करून घेते.

---

सडेतोड

हे वाचून बरं वाटलं. निधीला अडथळा आला तर इथे लिहा, पाठपुरावा कसा करायचा ते मी सांगेन.

---

निशाचर

लॉगबुकवर सही कुणाची? सिस्टरची असती तर आम्ही उपकेंद्रावर नक्की गेलो असतो.

---

गोदाकाठ

नियमाने सही अधिकृत डॉक्टरचीच लागते. पण सिस्टर आणि आशाताईंचा चार ओळींचा शेरा सोबत जोडायला कुणाची हरकत नसावी. आमच्या विभागात मी तो वाचीन आणि त्यावर मुलांशी बोलेन.

---

शेवंता_सिस्टर

शेरा मी खरा लिहीन हो. बोलवा मॅडम, निवृत्त असले तरी येते.

---

कवडसा

उशिरा आलो. मनोविकारतज्ज्ञ आहे. आराखड्यात मानसिक आजार दिसत नाहीत. पीएचसीत दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेला माणूस दोन-तीन दिवसांनी बडबडायला लागतो, हात थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसतात. दारू अचानक बंद झाल्याने हे होतं आणि जीवावर बेतू शकतं. दाखल करतानाच दारूबद्दल विचारायला शिकवा, आणि ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यायला. फिट्सच्या रुग्णाच्या गोळ्या का सुटतात, घरात आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याशी काय बोलायचं, हेही पीएचसीतच शिकता येतं.

---

करंजमोहोर (धागाकर्ती)

कवडसा सर, घेते. फवारणीचं औषध प्यायलेले रुग्ण आमच्याकडे येतात. पोट धुणं आणि विषावरचं अ‍ॅट्रोपिन देणं मुलांना येतं, शुद्धीवर आल्यावर त्या माणसाशी बोलणं येत नाही. या एका विषयावर तुम्ही तासभर ऑनलाइन घ्याल का? सीएचओ आणि आशाताईही असतील, त्यामुळे मराठीतच हवं. दिवस तुम्ही सांगा, नेटवर्क असलेली खोली मी बघते.